पडद्यावर आधी तळ वाचा

फिश फाइंडर नवा असताना माणूस पडद्यावर फक्त मासा शोधतो. निळ्या पट्टीत कुठे पिवळा ठिपका उठला की तिथेच गळ टाकतो आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परतताना यंत्राला नावं ठेवतो. छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूलसारख्या उथळ आणि गाळाच्या तलावावर ही गफलत हमखास होते. या यंत्रांची माहितीपुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक परदेशातल्या खोल, थंड, स्वच्छ तळ्यांवर बेतलेले असतात. आपल्याकडे खाम नदी अडवून साठवलेलं पाणी, खाली काळी माती, मुरूम आणि कातळ, आणि दर उन्हाळ्यात मागे सरणारा काठ. त्या तळ्यांचे नियम इथे जसेच्या तसे चालत नाहीत. म्हणून या लेखात मासा शेवटी येईल. आधी पडदा, मग तळ.

त्याआधी परवानगीचं बोलू. हर्सूलचं पाणी शहराच्या पिण्याच्या कामी येतं. महाराष्ट्रातल्या बहुतेक तलावांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. तेव्हा महापालिकेकडे आणि मत्स्यव्यवसाय विभागाकडे चौकशी केल्याशिवाय गळ घेऊन काठावर जाऊ नका. पिण्याच्या पाण्यात पेट्रोलचं इंजिन उतरवायचं नाही, आणि मासा जमवण्यासाठी पेंडीची पोतीच्या पोती ओतायची नाहीत. हे कुणी बघत नसेल तरी पाळायचं.

आता यंत्राकडे, म्हणजे सोनारकडे. पाण्यात सोडलेल्या ट्रान्सड्यूसरमधून आवाजाचा एक छोटा ठोका खाली जातो, कशावर तरी आपटतो आणि परत येतो. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो, म्हणजे ७ मीटर खोल तळाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या जेमतेम शंभराव्या भागात वर पोचतो. जायला आणि यायला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढतं आणि प्रतिध्वनी किती जोरकस आहे त्यावरून रंग ठरवतं. अंतर आणि जोर, यापलीकडे साध्या यंत्राला काहीही कळत नाही. मासा डावीकडे आहे की उजवीकडे, पुढे आहे की मागे, हे त्याला माहीत नसतं. जपानमध्ये फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये मासे शोधणारं पहिलं व्यवहारोपयोगी यंत्र बाजारात आणलं. तेव्हापासून पडदे बदलले, रंग आले, पण मूळ हिशेब तोच राहिला.

पडद्याबद्दल एक गोष्ट पक्की मनात बसली की अर्धं काम होतं. तो फोटो नाही. ईसीजीच्या कागदासारखी ती वेळेची पट्टी आहे. सगळ्यात उजवीकडची उभी रेघ म्हणजे आत्ताचा क्षण, बाकी सगळं होऊन गेलेलं. पडद्याच्या मध्यावर दिसणारा मासा नावेच्या मागे कुठेतरी राहिलेला आहे, कदाचित केव्हाच निघूनही गेलेला. नाव एका जागी उभी असली तरी पट्टी सरकत राहते. अशा वेळी तळ सपाट दिसतो, कारण यंत्र तोच एक तुकडा पुन्हा पुन्हा मोजत असतं. तळ सपाट आहे असा निष्कर्ष काढायला नाव हलती हवी.

माशाची जी प्रसिद्ध कमान दिसते तीही वेळेमुळेच. आवाज शंकूच्या आकारात पसरत खाली जातो. मासा या शंकूच्या कडेला शिरतो तेव्हा ट्रान्सड्यूसरपासून तिरका, म्हणून थोडा जास्त लांब असतो. बरोबर खाली आला की अंतर सगळ्यात कमी, आणि दुसऱ्या कडेने बाहेर पडताना पुन्हा जास्त. लांब, जवळ, लांब, म्हणून कमान उमटते. माशाची खरी खोली कमानीच्या माथ्यावर वाचायची, टोकांवर नाही. मासा शंकूच्या कडेकडेनेच निसटला तर अर्धी कमान किंवा नुसता तिरपा फराटा येतो. नाव उभी आणि मासाही खाली थांबलेला, तर कमान येतच नाही, लांबच लांब आडवी रेघ येते. ही रेघ पाहून अजस्र मासा सापडला असं वाटतं, पण रेघेची लांबी मासा शंकूत किती वेळ होता एवढंच सांगते. आकाराचा थोडाफार अंदाज येतो तो जाडीवरून आणि रंगाच्या जोरावरून. त्यातही माशाच्या शरीरातली हवेची पिशवी आवाज सर्वांत जोरात परतवते, मांस आणि हाडं त्यामानाने फार कमी. त्यामुळे पडद्यावरून किलो काढण्याच्या भानगडीत पडू नका.

शंकूचा हिशेब मात्र प्रत्येकाने एकदा वहीत मांडून पाहावा, कारण उथळ तलावावरची निम्मी निराशा त्यातच आहे. २०० किलोहर्ट्झचा नेहमीचा शंकू साधारण २० अंशांचा असतो. त्याचा व्यास खोलीच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित जास्त भरतो. ६ मीटर पाण्यात तळाशी जेमतेम २ मीटरचं वर्तुळ. ३ मीटर पाण्यात एका मीटरचं. एवढ्या मोठ्या तलावात आपण एका मीटरच्या भोकातून खाली पाहतो आहोत. ८३ किलोहर्ट्झचा शंकू ६० अंशांच्या आसपास असतो, त्याचं वर्तुळ खोलीपेक्षा थोडं मोठंच पडतं. उथळ पाण्यात मासा आहे की नाही हे चाचपायला रुंद शंकू बरा, तळ नीट वाचायला अरुंद. रुंद शंकूची किंमतही मोजावी लागते. कडेच्या भागात तळाला चिकटून असलेला मासा तळाच्याच प्रतिध्वनीत गडप होतो. ६ मीटर पाण्यात ६० अंशांच्या शंकूच्या कडेला तळापासून जवळजवळ ८० सेंटिमीटरचा थर असा आंधळा राहतो. अरुंद शंकूत तोच थर १० सेंटिमीटरच्या आत येतो.

आता हे आपल्या माशांना लावून पाहा. कटला वरच्या थरात चरतो. एक मीटर खोलीवर अरुंद शंकू ३५ सेंटिमीटरचा, म्हणजे चांगला कटला त्यात पुरता मावणारही नाही. शिवाय पृष्ठभागालगत यंत्राची स्वतःची गिचमिड असते, आणि नावेच्या सावलीने वरचा मासा केव्हाच बाजूला झालेला असतो. म्हणून कटल्याने भरलेल्या तलावातही पडद्याचा वरचा भाग रिकामा दिसू शकतो. रोहू मधल्या थरात असतो आणि कमान नीट दिसते ती बहुधा त्याचीच. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी चरतात, म्हणजे नेमके त्या आंधळ्या थरात. ते शोधायचे तर अरुंद शंकू लावून तळाची रेघ मोठी करून पाहावी लागते. रेघेच्या वर फोड आल्यासारखा बारीक उंचवटा दिसला, आणि परत त्याच जागेवरून गेल्यावर तो नाहीसा झालेला असला, तर तो मासा. दुसऱ्या फेरीतही तिथेच असला तर दगड. मरळ काठाच्या गवतात, गुडघाभर पाण्यात राहते आणि हवा घ्यायला वर येते. तिच्यासाठी सोनार घरी ठेवा, डोळे पुरेसे आहेत. काठावर शांत उभं राहून पाणी पाहणं ही गोष्ट या यंत्राच्या नादात सुटू नये असं मला फार वाटतं.

तळ वाचणं हेच यंत्राचं खरं काम. कठीण तळ आवाज जोरात परतवतो. पडद्यावर रेघ उजळ आणि ठसठशीत येते. आवाज तळावरून वर, पृष्ठभागावरून पुन्हा खाली असा दुसरी फेरीही मारतो, म्हणून दुप्पट खोलीवर तळाची दुसरी फिकट रेघ उमटते. ही दुसरी रेघ म्हणजे खाली कातळ, मुरूम किंवा दगडगोटे असल्याची जवळजवळ पक्की खूण. ती दिसावी म्हणून खोलीचं माप आपोआप न ठेवता हाताने तलावाच्या खोलीच्या अडीचपट लावून घ्या. ५ मीटर पाणी असेल तर साडेबारा. गाळ उलट वागतो. वरची रेघ फिकी, खाली हळूहळू विरत जाणारी, आणि दुसरी रेघ गायब. आपल्या तलावांत काळ्या मातीचा मऊ थर मुरमावर बसलेला असतो. अशा जागी कधी दोन रेघा एकाखाली एक दिसतात, वरची गाळाची, खालची मूळ जमिनीची.

तळ का वाचायचा? मासा सपाट, एकसारख्या तळावर क्वचितच ठरून थांबतो. तो बदलाच्या कडेला थांबतो. मऊ गाळ संपून मुरूम सुरू होतो ती कड, जुन्या नदीपात्राचा उतार, भिंतीखालची दगडी पिचिंग, बुडालेली बाभूळ, ओढा येऊन मिळतो ती जागा. हर्सूलमध्ये सगळ्यात महत्त्वाची रेघ खामच्या जुन्या पात्राची. पाणी भरलं की ती वरून दिसत नाही, पण आडव्या फेरीत तळ अचानक खाली जाऊन पुन्हा वर येतो तेव्हा पडदा ती दाखवतो. एका फेरीत सापडलेला खड्डा नुसता खड्डाही असेल. थोडं पुढे जाऊन दुसरी फेरी, आणखी पुढे तिसरी, आणि तिन्हींतले खळगे नकाशावर एका ओळीत आले की ते पात्र. उतारावर एक काळजी घ्या. शंकूत वरच्या बाजूची जमीन जवळ असते, तिचा प्रतिध्वनी आधी येतो, म्हणून यंत्र खोली प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतं आणि उताराला टेकलेला मासा झाकून टाकतं.

आपल्याकडच्या तलावांना एक मोठी सवलत आहे, जी खोल सरोवरांना नाही. उन्हाळ्यात त्यांचा तळ उघडा पडतो. दुष्काळी वर्षांत हर्सूल तर जवळजवळ कोरडा होतो. त्या वेळी शहराला टँकरची चिंता असते आणि ती खरीच आहे, पण मासे आणि पाणी समजून घेऊ पाहणाऱ्याने तेव्हा काठाने एक फेरी जरूर मारावी. कुठे भेगाळलेला गाळ आहे, कुठे मुरूम उघडा आहे, नदीचं पात्र कुठल्या वळणाने जातं, वेडी बाभूळ कुठे माजली आहे, हे मोबाईलवर जागेच्या खुणेसह टिपून ठेवा. उघड्या गाळात मात्र पाय घालू नका, वरून सुकलेला दिसला तरी खाली माणूस कमरेपर्यंत रुततो. पुढे पावसाळ्यानंतर त्याच जागांवरून सोनार फिरवला की कुठला रंग म्हणजे कोणती जमीन हे यंत्र तुम्हाला स्वतः शिकवतं. असा एक उन्हाळा माहितीपुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

नाव नसेल, किंवा नावेची परवानगी नसेल, तरी अडत नाही. गळाच्या दोरीला बांधून फेकायचे चेंडूएवढे सोनार मिळतात. वजन साधारण १०० ग्रॅमच्या आसपास, चित्र वायफायने मोबाईलवर येतं. गळाची काडी दणकट हवी आणि दोरी वेणीची, नाहीतर पहिल्याच फेकीत सोनार पाण्यात आणि दोरी हातात. फेकल्यावर दोरी एकाच संथ गतीने ओढा. गती बदलली की चित्र ताणतं किंवा आवळतं, आणि साधा उतारही कड्यासारखा दिसायला लागतो. काठावरच्या एकाच ओळखीच्या दगडावरून पंख्याच्या पात्यांसारख्या पाच-सहा दिशांना फेकी केल्या तर तेवढ्या भागाचा तळ कागदावर उतरतो.

यंत्राच्या मांडणीत पहिलं काम म्हणजे माशांची चित्रं दाखवणारी सोय बंद करणं. त्यात यंत्र प्रत्येक तरंगत्या प्रतिध्वनीला मासा ठरवून छोटं चित्र काढतं, मग ती बाभळीची फांदी असो की बुडबुडा. कच्चा प्रतिध्वनीच पाहायची सवय लावा. संवेदनशीलता आपोआप ठेवून सुरुवात करा, मग पाण्याच्या मधल्या भागात बारीक ठिपके दिसू लागेपर्यंत ती हळूहळू वाढवा आणि तिथून थोडी खाली आणा. पडदा अगदी स्वच्छ, कोरा दिसत असेल तर समजा की मासेही पुसले गेले आहेत. पट्टी सरकण्याची गती नावेच्या वेगाशी जुळती हवी. वल्ह्याच्या नावेवर पट्टी जोरात सोडली तर तळातला प्रत्येक दगड टेकडीसारखा पसरतो. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी लहान यंत्राला सकाळपासून दुपारपर्यंत आरामात पुरते.

फसवणाऱ्या गोष्टी ओळखायला थोडा काळ लागतो. गाळातून वायूचे बुडबुडे सुटतात, आणि गाळाच्या तलावात ते पुष्कळ असतात. पडद्यावर ते तळापासून वर जाणाऱ्या बारीक तिरक्या रेघांच्या रूपात दिसतात. मासा सहसा असा एकाच चालीने पृष्ठभागापर्यंत जात नाही. पण बुडबुड्यांकडे दुर्लक्षही करू नका. तळ उकरणारा सायप्रिनस किंवा मृगळ गाळ ढवळतो तेव्हाही ते सुटतात, त्यामुळे एकाच छोट्या पट्ट्यात अचानक खूप रेघा उठल्या तर तिथे गळ टाकून पाहायला हरकत नाही. पाणवनस्पती तळाला चिकटून वर झिरमिळतात, त्यांचा रंग फिका असतो. बुडालेलं झाड तळापासून जोडलेलं, गर्द आणि अनियमित दिसतं, आणि त्याच्या फांद्यांत अडकलेल्या छोट्या कमानी म्हणजे बहुधा मासेच. बारीक मासळीचा थवा ढगासारखा गोळा होऊन येतो. ढगाच्या खाली किंवा बाजूला एखाददुसरी जाड कमान असेल तर तिथे शिकारी मासा आहे, शिंगाळ्यासारखा. पहिल्या पुराचं पाणी आत येतं तेव्हा काडीकचरा आणि बुडबुडे मिळून सगळा पडदा भरून टाकतात. त्या दिवशी यंत्र बंद ठेवलेलं बरं.

परदेशी पुस्तकांत उष्ण आणि थंड पाण्याच्या सीमारेषेवर पानंच्या पानं असतात. पडद्यावर ती मधल्या खोलीवर धूसर आडव्या पट्ट्यासारखी दिसते. हर्सूलच्या उथळ पाण्यात वारा पाणी ढवळत राहतो, त्यामुळे ती टिकत नाही. इथे जास्त महत्त्वाचा आहे प्राणवायू. उन्हाळ्यात वारा पडलेल्या रात्रीनंतर पहाटे तळालगतचा प्राणवायू घटतो आणि मासे वर येतात. तेव्हा तळ रिकामा दिसला म्हणून जागा बदलू नका, ऊन चढेपर्यंत थांबा. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार झालं की रोहू-कटला मंदावतात, खाणं कमी करतात आणि पात्राच्या खोल भागात एकत्र येतात. थंडीत कमानी भरपूर पण गळाला काही नाही, याचं कारण हेच. मासा दिसणं वेगळं, तो खाण्याच्या तयारीत असणं वेगळं.

बाजूला पाहणारे सोनार उथळ पाण्यासाठी सर्वांत उपयोगी आहेत, परवडत असतील तर. ते ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झवर दोन्ही बाजूंना पातळ पंख्यासारखा आवाज सोडतात, त्यामुळे नावेखालच्या घाबरलेल्या पाण्याऐवजी बाजूचं शांत पाणी दिसतं. मधली काळी पट्टी म्हणजे नावेखालचं पाणी. उजळ भाग कठीण, गडद भाग मऊ. इथे माशापेक्षा त्याची सावली वाचायची असते. आवाज अडल्यामुळे वस्तूच्या मागे काळा ठसा पडतो. ठसा वस्तूला चिकटलेला असेल तर ती तळावर टेकलेली आहे. उजळ ठिपका आणि त्याची सावली यांच्यात अंतर असेल तर तो तरंगता मासा, आणि अंतर जितकं जास्त तितका तो तळापासून वर. नाव सरळ रेषेत चालवा, वळणावरचं चित्र वेडंवाकडं येतं. माशाची हालचाल प्रत्यक्ष दाखवणारे नवे सोनारही आता आहेत. अमेरिकेत काही गळस्पर्धांनी त्यांच्या वापरावर मर्यादा घातल्या आहेत आणि मला ते योग्य वाटतं. हर्सूलएवढ्या पाण्यात अशा यंत्राने पाठलाग केला तर माशाला लपायला जागाच उरत नाही.

इथे हात बसला की पैठणचा नाथसागर पाहा. सुमारे ५५ किलोमीटर लांब पसरलेलं ते पाणी, पोटात बुडालेली गावं, विहिरी, झाडं. १९८६ पासून तो पक्षी अभयारण्यही आहे, त्यामुळे नियम आधी विचारून घ्या. तिथे सोनारचा खरा फायदा हौशी माणसापेक्षा जाळं टाकणाऱ्यांना आहे. बुडालेल्या झाडात किंवा पडक्या भिंतीत अडकलेलं जाळं फाटतं, आणि तुटून राहिलेला तुकडा तळाशी मासे मारत राहतो. जाळं टाकण्याआधी त्या पट्ट्यावरून एक फेरी मारली तर दोन्ही नुकसानं टळतात. एका गावच्या मच्छीमारांनी मिळून एकच यंत्र घेतलं तरी पुरे. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था धरणांतला गाळ मोजायला याच तत्त्वाचं मोठं यंत्र नावेवर बसवून वापरते. गाळ मोजणं आणि मासा शोधणं हे पडद्यावर एकाच रेघेचं काम आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या फेऱ्यांच्या खोलीच्या नोंदी फेकून देऊ नका. तारीख, काठावरची खूण, तलावातली पाणीपातळी आणि तिथे मिळालेली खोली एवढं वहीत लिहा, आणि दरवर्षी दिवाळीनंतर त्याच चार-पाच जागा पुन्हा मोजा. दोन-तीन वर्षांत गाळ कुठे चढतो आहे ते आकड्यांत दिसेल. ती वही महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला आणि तलावावरच्या मच्छीमार संस्थेला दाखवा. पावसाळ्याच्या तोंडावर अंड्यांनी भरलेली मादी गळाला लागली तर तिला पाण्यात सोडा, आणि उन्हाळ्यात उरलेल्या डबक्यात मासे दाटलेले दिसले तर तिथे सोनार लावून गळ टाकू नका.